चाळीस माणसांचे देवालय : मेस्रोब सेथ यांच्या आर्मेनियन इतिहासाविषयी

१

२२ जून १६८८ या दिवशी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने लंडन येथे आर्मेनियन व्यापाऱ्यांशी एक करार केला. आर्मेनियनांच्या बाजूने ख्वाजा पानोस कलंदर यांनी बोलणी केली होती. करार अर्थातच व्यापाराचा होता. जहाजांतील जागा, जकात, मालाची ने-आण हे त्याचे मुख्य विषय. परंतु त्याबरोबरच कंपनीने एक धार्मिक स्वरूपाचे वचनही दिले. कंपनीच्या ताब्यातील कोणत्याही ठाण्यात अथवा शहरात चाळीस किंवा त्याहून अधिक आर्मेनियन वस्तीला आले, तर त्यांना चर्चसाठी जमीन द्यावयाची. कंपनीने आपल्या खर्चाने तेथे लाकडी चर्च उभारून द्यावयाचे. पुढे मंडळींना वाटल्यास त्यांनी ते दगडात बांधावे. आणि त्यांनी निवडलेल्या धर्मगुरूच्या निर्वाहासाठी कंपनीने सात वर्षेपर्यंत दरसाल पन्नास पौंड द्यावेत, असे ते वचन होते.

हे वचन भक्तिभावाने दिलेले नाही, हे उघड आहे. व्यापारात मुरलेली ही मंडळी आपल्या ठाण्यांत स्थिर व्हावीत एवढाच कंपनीचा हेतू होता, आणि ज्या समाजाला देवालय मिळते तो समाज बिऱ्हाड हलविण्याची घाई करीत नाही, हे व्यवहारचातुर्य त्यामागे होते. तथापि एका समाजाला देवालयाचा हक्क प्राप्त होण्यासाठी किती माणसे लागतात याचा आकडा येथे चक्क ठरविलेला आहे, आणि म्हणूनच ते कलम वाचताना मन थबकते. चाळीस माणसे आली की चर्च उभे राहावयाचे. पण चाळीसांची एकोणचाळीस झाली, वीस झाली, दोन झाली, तर त्या चर्चचे काय व्हावयाचे याविषयी करारात अवाक्षर नाही. भारतातील आर्मेनियन चर्चांचा पुढील इतिहास म्हणजे या न लिहिलेल्या कलमाचाच इतिहास होय.

आमच्या वर्तुळात या विषयावर बोलण्याचा प्रसंग आला तेव्हा एका विद्वान स्नेह्यांनी विचारले, "हे लोक आले, व्यापार केला, गेले. त्यांच्या चर्चचा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचार करण्याचे कारण काय?" प्रश्न रास्त होता, आणि त्याला तेथल्या तेथे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. पुढे मेस्रोब जेकब सेथ यांचा आर्मेनियनांच्या भारतातील वास्तव्याविषयीचा इंग्रजी ग्रंथ मी पुन्हा सावकाश वाचला. त्या वाचनातून सुचलेले विचार येथे मांडीत आहे. स्थलांतरित समाजाच्या देवालयाचा इतिहास हा वाङ्मयप्रकार आहे असे धरून त्याचे गुणदोष पाहावे, आणि मग तो प्रकार आपल्या किती जवळचा आहे हे तपासावे, असा हेतू आहे.

२

सेथ (१८७१–१९३९) हे मूळचे न्यू जुल्फाचे. इराणच्या शाह अब्बासाने १६०४-०५ च्या सुमारास अरस नदीकाठच्या जुल्फा गावातील आर्मेनियनांना उठवून आपल्या राजधानीजवळ, इस्फहानपाशी, वसविले. त्या वसाहतीला न्यू जुल्फा हे नाव पडले. भारतात आलेले बहुतेक आर्मेनियन व्यापारी याच वसाहतीचे, आणि त्यांच्या चर्चांना धर्मगुरू येत तेही तेथल्याच मठातून. सेथ यांचे पुढील आयुष्य कलकत्त्यात गेले. १८९५ मध्ये त्यांनी या विषयावर एक लहान पुस्तक लिहिले. त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ शिलालेख, दप्तरे आणि जुनी पुस्तके धुंडाळून १९३७ मध्ये त्यांनी सहाशेंहून अधिक पृष्ठांचा मोठा ग्रंथ कलकत्त्याहून स्वतःच प्रसिद्ध केला. ज्याने आर्मेनियन लिपी घडविली त्या पाचव्या शतकातील मेस्रोप माश्तोत्स या साधुपुरुषाचेच नाव सेथ यांना मिळालेले आहे. अक्षरे शोधीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाला हे नाव शोभून दिसते.

ग्रंथाची रचना शहरवार आहे. आग्रा, दिल्ली, सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता, चिनसुरा, डाक्का अशी एकेक वसाहत घ्यावयाची. तेथील चर्च कोणी, केव्हा बांधले ते सांगावयाचे. तेथल्या कबरींवरील लेखांचे भाषांतर द्यावयाचे. आणि त्या शहरातील नामांकित पुरुषांची चरित्रे जोडावयाची, ही त्यांची पद्धत. प्रकरणांत परस्परसंबंध फारसा नाही. तीच माहिती दोन-तीन ठिकाणी पुन्हा येते. आपल्याकडील कुलवृत्तांत ज्यांनी चाळले आहेत त्यांना हा घाट ओळखीचा वाटेल : शाखा, उपशाखा, कर्तबगार पुरुष, आणि मधूनमधून संपादकाचे उद्गार. कुलवृत्तांताचे गुण आणि दोष दोन्ही या ग्रंथात उतरलेले आहेत.

गुण प्रथम सांगितला पाहिजे. सेथ यांचे खरे सामर्थ्य ते दगड वाचू लागतात तेव्हा दिसते. आर्मेनियन लेखांतील सालाची उकल हेच मुळी एक शास्त्र आहे. त्या लिपीत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. एक अक्षर हजाराचे, एक विसाचे, एक आठाचे, अशी तीन अक्षरे शेजारी आली की १०२८ हे साल होते. हा आर्मेनियन शक. शालिवाहन शकात आपण ७८ मिळवितो त्याप्रमाणे यात ५५१ मिळविले की इसवी सन येतो. याखेरीज जुल्फाच्या लोकांनी सतराव्या शतकाच्या आरंभी आपला एक छोटा शकही सुरू केला होता. म्हणजे आपल्याकडे शालिवाहन शकाबरोबर राज्याभिषेक शकही चालावा तसा प्रकार. अमुक दगडावरचा '१५' हा आकडा कोणत्या शकातला, हे ठरविल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. ही विद्या जाणणारा आणि त्यासाठी उन्हातान्हात कबरस्ताने पालथी घालणारा माणूस सेथ यांच्या रूपाने त्या समाजाला लाभला नसता, तर हे सर्व लेख आज भारतीय वाचकाला केवळ नक्षी वाटले असते.

३

बडोद्याहून सुरत फार लांब नाही. काही वर्षांपूर्वी तेथील जुनी कबरस्ताने मी मुद्दाम पाहून आलो. कतारगाम दरवाजाकडे इंग्रजांचे आणि डचांचे कबरस्तान आहे. इंग्रजांच्या बाजूला ऑक्सेंडन बंधूंचे घुमटाचे थडगे आणि डचांच्या बाजूला १६९१ मध्ये वारलेल्या व्हान रेडे याची भव्य वास्तू पाहिली म्हणजे, मेल्यावरसुद्धा या कंपन्यांची चढाओढ संपली नव्हती असे वाटते. आर्मेनियनांच्या कबरी मात्र जमिनीलगतच्या सपाट शिळा आहेत. त्यांवर अक्षरे दाट कोरलेली आहेत, आणि वाचावयाचे तर वाकावे लागते.

याच सुरतेतील एक शिळा सेथ यांच्या ग्रंथात फार महत्त्वाची आहे. तिच्यावरील साल आर्मेनियन शक १०२८, म्हणजे इ. स. १५७९. अकबराने सुरत जिंकली १५७३ मध्ये. म्हणजे त्यानंतर अवघ्या सहा वर्षांची ही शिळा. इंग्रजांची वखार तेथे निघावयाला अजून तीन तपांचा अवधी होता. शिळा मारिनास नावाच्या स्त्रीची आहे. ती वोस्कान नावाच्या धर्मगुरूची पत्नी होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात, एका शुक्रवारी, ती वारली. शलमोनाच्या नीतिसूत्रांचा आधार घेऊन तिला पतीचा मुकुट म्हटले आहे, आणि तिच्या मृत्यूने पतीच्या जिवाला झालेले दुःखही लेखात नोंदविले आहे.

सेथ या लेखाचा उपयोग प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून करतात. आम्ही इंग्रजांच्या आधी येथे होतो, हे त्यांना सिद्ध करावयाचे आहे, आणि तेवढे सिद्ध होताच ते पुढल्या दगडाकडे वळतात. माझ्या मते येथेच टीकाकाराने त्यांना थांबविले पाहिजे. या एका शिळेत धर्मग्रामाचा सगळा आरंभ आहे. (वसईकडील मराठी ख्रिस्ती समाज 'पॅरिश' या अर्थी 'धर्मग्राम' हा सुंदर शब्द वापरतो, तोच मी येथे घेत आहे.) रोमन परंपरेतील धर्मगुरूप्रमाणे आर्मेनियन धर्मग्रामाचा गुरू ब्रह्मचारी नसतो, तो बहुधा संसारी माणूस असतो. सुरतेत १५७९ मध्ये धर्मगुरूची पत्नी वारते याचा अर्थ, त्यापूर्वीच तेथे धर्मगुरू सहकुटुंब राहत होता. ज्यांच्यासाठी तो राहत होता अशी मंडळी होती. बारसे, लग्न, अंत्यविधी यांची गरज होती. आणि त्यांच्यात शिळेवर शुद्ध अक्षरे कोरू शकणारा किंवा कोरून घेणारा कोणी होता. बांधलेल्या चर्चचा पुरावा नंतरचा. धर्मग्राम त्याच्या आधी, एका घरात, सुरू झालेला दिसतो.

दुसरी प्रसिद्ध शिळा कलकत्त्याची. ती सेथ यांनीच १८९४ मध्ये तेथील चर्चच्या आवारात शोधून काढली. 'दानशूर' म्हणून उल्लेखिलेल्या कै. सुकियास यांची पत्नी रेझाबीबी हिची ती कबर. छोट्या शकातील १५ हे साल धरून सेथ यांनी तिचा काळ ११ जुलै १६३० असा ठरविला. म्हणजे जॉब चार्नॉकने १६९० मध्ये कलकत्त्यात ठाणे घातले त्याच्या साठ वर्षे आधी. या कालनिर्णयावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले आहेत, आणि वाद मिटला आहे असे म्हणता येत नाही. पण त्या वादाहून एक निराळीच गोष्ट मला अधिक लक्षणीय वाटते. सेथ यांच्या प्राचीनत्वाच्या सिद्धांताचा भार ज्या दोन शिळांवर आहे, त्या दोन्ही स्त्रियांच्या आहेत. आणि सहाशे पृष्ठांच्या त्या ग्रंथात त्या दोघींविषयी, त्या कोणाच्या पत्नी होत्या यापलीकडे, चार वाक्येही नाहीत. ज्यांच्या कबरींनी इतिहासाला आरंभ करून दिला, त्यांना इतिहासात प्रवेश मिळाला नाही.

४

यातून ग्रंथाच्या दोषांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. सेथ यांचा मोठा दोष अभिमानाचा. आपला समाज लहान आहे, आणि पुढे आणखी लहान होणार आहे, ही जाणीव त्यांच्या प्रत्येक पानामागे आहे. त्यामुळे प्रत्येक मोठ्या घटनेत एखादा आर्मेनियन उभा करण्याची त्यांना घाई होते. मीर कासिमचा सेनापती गुर्गिन खान, फर्रुखसियरच्या दरबारी १७१५ मध्ये गेलेल्या इंग्रज वकिलातीबरोबरचे ख्वाजा इस्राएल सरहद, प्लासीच्या राजकारणातील ख्वाजा पेत्रुस ही माणसे खरीच होती, आणि त्यांना इतिहासात स्थान देणे योग्यच आहे. परंतु अकबराची राणी मरियम-उझ-झमानी ही आर्मेनियन होती, असेही सेथ आग्रहाने मांडतात. ती आंबेरच्या कछवाह घराण्यातील राजकन्या होती, हे इतिहासकारांचे मत आज सर्वमान्य आहे. 'मरियम' या नावावरून धर्म आणि धर्मावरून वंश काढण्याची ही रीत आपल्या कुलवृत्तांतांतील मूळपुरुषांच्या कथांसारखीच आहे.

हा दोष क्षम्य मानता येईल. लहान समाजाचा अभिमान हा पुष्कळदा भीतीचाच दुसरा चेहरा असतो. दुसरा दोष मात्र अधिक खोलवरचा आहे. सेथ धर्मग्रामाचा इतिहास लिहितो म्हणतात आणि लिहितात देणगीदारांचा इतिहास. चर्चची जमीन कोणी दिली, घंटाघर कोणी बांधले, वेदीसाठी पैसा कोणी ठेवला, हे सर्व आपणास कळते. कलकत्त्यातील नाझरेथ चर्चचे उदाहरण घ्या. १६८८ च्या करारानुसार तेथे लाकडी चर्च उभे राहिले. ते १७०७ मध्ये जळाले. मग आगा याकोब नझर यांच्या पुढाकाराने १७२४ मध्ये, मंडळींच्या कबरस्तानाच्याच जागेवर, आजचे चर्च बांधले गेले. १७३४ मध्ये हझारमलियन घराण्याने त्याला घंटाघर जोडले. म्हणजे आज तेथे पूर्वजांच्या शिळांवरून चालतच उपासनेला जावे लागते. यासारखी बोलकी गोष्ट दुसरी नसेल. पण १७०७ ते १७२४ या सतरा वर्षांत मंडळी कोठे जमत होती? त्या काळात जन्मलेल्या मुलांचे बाप्तिस्मे कोठे झाले? धर्मग्रामाच्या चरित्रातील हे खरे प्रश्न होत. ज्या काळात वास्तू नव्हती त्या काळात धर्मग्राम होता की नव्हता, हे जो विचारीत नाही त्याने वास्तूचाच इतिहास लिहिला असे म्हणावे लागेल.

साधने नव्हती, असे सेथ यांच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. १७४८ मध्ये इंग्रजी आरमाराने सांता कतारिना नावाचे एक जहाज पकडले. त्यावर आर्मेनियन व्यापाऱ्यांची पत्रे मोठ्या संख्येने होती. ती लंडनच्या दप्तरात पडून राहिली. अलीकडे सेबू अस्लानियन या अभ्यासकाने ती वाचून, त्यांचा आणि इतर कागदांचा आधार घेऊन, २०११ मध्ये न्यू जुल्फाच्या व्यापारजाळ्याचा जो इतिहास लिहिला, त्यात पत्रव्यवहार, कर्जे, भागीदारी, एकमेकांवरील विश्वास आणि अविश्वास यांचे जिवंत चित्र दिसते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापावयास आरंभ केला तेव्हा बखरींच्या पलीकडचा मराठा माणूस आपणास प्रथम दिसला. तसाच हा प्रकार. सेथ यांचा ग्रंथ त्या समाजाची बखर आहे. बखरीची थोरवी मान्य करून पत्रांकडे जावयाचे असते.

५

आता मुंबईकडे येऊ. कलकत्ता आणि मद्रास यांच्या मानाने मुंबईची आर्मेनियन वसाहत लहान होती. सुरतेचा व्यापार उतरणीला लागला आणि मुंबईचा चढला, तशी काही कुटुंबे तिकडे सरकली. किल्ल्यातील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर मार्ग, येथे १७९६ मध्ये याकोब पेत्रुस यांनी संत पीटरचे आर्मेनियन चर्च बांधविले. विसाव्या शतकाच्या मध्यास जुनी वास्तू जाऊन तेथे नवी आली. शेजारच्या इमारतीला 'अरारात' हे नाव आहे. ज्या पर्वतावर नोहाचे तारू टेकले असे मानतात, आणि जो आज आर्मेनियाच्या सीमेबाहेर आहे, त्या पर्वताचे. मुंबईत आर्मेनियन जवळजवळ उरले नाहीत. चाळीसांचा आकडा केव्हाच मागे पडला.

याच १७९६ साली मुंबईत दुसरे एक देवालय उभे राहिले, आणि या योगायोगाकडे मराठी वाचकाचे लक्ष गेले पाहिजे. मांडवी भागात सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग स्थापिले. त्याला लोक 'जुनी मशीद' म्हणत. मशीद बंदर या स्थानकाचे नाव त्यावरूनच आलेले आहे. एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन लहान समाजांची दोन देवालये. तुलनेला याहून उत्तम सामग्री क्वचितच मिळेल.

योगायोग येथेच संपत नाही. बेने इस्राएलांचा इतिहास हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवला होता. तो छापला गेला तेल अवीव येथे, त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये. सेथ यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले तर फरक लगेच जाणवतो. सेथ यांच्या आर्मेनियनांनी फारसी शिकली, इंग्रजी शिकली, दरबारात दुभाष्यांची कामे केली. पण उपासनेची भाषा प्राचीन आर्मेनियनच राहिली, आणि घरातली जुल्फाची बोली पुढे इंग्रजीला वाट देत गेली. देशी भाषा त्यांच्या व्यवहारात आल्या; देव्हाऱ्यापर्यंत पोहोचल्याचे फारसे दिसत नाही. केहीमकरांचे बेने इस्राएल मात्र कोकणात तेलाचे घाणे चालवीत 'शनवार तेली' झाले. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली. आणि एकोणिसाव्या शतकात तर बायबलमधील आख्याने लावून मराठीत कीर्तने केली. प्रार्थना हिब्रूत, कीर्तन मराठीत, अशी त्यांनी वाटणी केली.

१९४८ नंतर बेने इस्राएलही मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. लोक गेले, हे दोन्ही समाजांच्या बाबतीत सारखेच. पण जाताना ते मराठी बरोबर घेऊन गेले, आणि तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालविले. त्यांच्या धर्मग्रामाचा एक वाटा मराठी वाङ्मयात जमा झाला. आर्मेनियन धर्मग्रामाचा तसा वाटा आपल्याकडे दिसत नाही.

एवढ्यावरून बेने इस्राएलांचा मार्ग श्रेष्ठ आणि आर्मेनियनांचा कनिष्ठ, असा निवाडा करावा काय? काही काळ माझाही कल तिकडेच होता. मद्रासच्या उदाहरणाने तो बदलला. मद्रासला आर्मेनियन चर्च १७१२ मध्ये झाले आणि १७७२ मध्ये पुन्हा बांधले गेले. तेथील धर्मगुरू हारुत्युन श्मावोन्यान यांनी १७९४ मध्ये 'अझदारार' नावाचे मासिक काढले. ते जेमतेम दीड वर्ष चालले. पण आर्मेनियन भाषेतील जगातले पहिले नियतकालिक ते हेच. आपल्याकडे 'दर्पण' निघाले १८३२ मध्ये, आणि ते मुंबईत, मराठी मुलखात, निघाले. श्मावोन्यान यांनी आपल्या भाषेचे पहिले पत्र मायभूमीपासून हजारो मैलांवर, मूठभर वाचकांसाठी काढले. १८२४ मध्ये ते वारले. त्याच चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. त्या धर्मग्रामाने तमिळला काही दिले नसेल, परंतु स्वतःच्या भाषेला जे दिले ते मायभूमीलाही तोवर साधले नव्हते. गंमत अशी की त्याच चर्चच्या घंटांपैकी १७५४ मध्ये ओतलेल्या आणि १८०८ मध्ये पुन्हा ओतलेल्या एका घंटेवर तमिळ अक्षरे आहेत. घंटा ओतणाऱ्या कारागिराच्या द्वारे का होईना, देशाची भाषा देवालयाच्या शिखरापर्यंत चढलीच.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. स्थलांतरित समाजाच्या देवालयाला दोन कर्तव्ये असतात : आणलेल्या भाषेत काही नवे निर्माण करणे, आणि लाभलेल्या भाषेत काही ठेवून जाणे. मद्रासच्या आर्मेनियनांनी पहिले केले, कोकणच्या बेने इस्राएलांनी दुसरे. ज्या देवालयातून यांपैकी एकही घडत नाही, केवळ जुने म्हटले जाते आणि उत्सव पार पडतात, त्याची वास्तू कितीही भक्कम असली तरी त्याचा इतिहास देणगीदारांच्या पाटीपुरताच उरतो. सेथ यांच्या ग्रंथाची मौज अशी की, ही कसोटी त्यांनी स्वतः कोठेही मांडली नसली तरी तिला लागणारा बराचसा पुरावा त्यांच्याच पानांत विखुरलेला आहे.

६

आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. गायकवाडांनी बडोदे १७३४ मध्ये कायमचे हाती घेतले तेव्हापासून आपण मराठी माणसे येथे आहोत. आपण व्यापारी म्हणून आलो नाही, सत्तेबरोबर आलो. त्यामुळे चाळीस माणसे मोजण्याची वेळ आपल्यावर कधी आली नाही. विठ्ठलाची, खंडोबाची, गणपतीची देवळे झाली, वाडे झाले, शाळा झाल्या, ग्रंथमाला झाल्या. मराठी साहित्य संमेलने येथे १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये भरली, आणि पुन्हा २०१८ मध्येही भरले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, आणि सत्तेबरोबर आलेला समाज सत्तेवाचून राहू लागला. त्या दिवसापासून आपली गणना आर्मेनियनांच्या पंगतीत होऊ लागली, हे आपण अद्याप मनाशी कबूल केलेले नाही.

मी हरणीला शाळा चालवितो. प्रवेशाच्या दिवसांत पालक समोर बसतात. आडनाव मराठी असते. मी मराठीत विचारतो. उत्तर पुष्कळदा गुजरातीत येते, आणि मुलगा तर दोघांकडेही आश्चर्याने पाहतो. यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. काकासाहेब कालेलकर सातारचे. ते 'सवाई गुजराती' झाले आणि गुजराती गद्याला समृद्ध करून गेले. दुसरे कर्तव्य त्यांनी पुरेपूर बजावले. पण घराघरांतून मराठी जावी, आणि तिच्या जागी गुजरातीतही आपण काही भर घालू नये, ही स्थिती चिंतेची आहे. आणि आज शहराच्या वाढत्या वस्त्यांतून मला तीच अधिक दिसते.

सेथ यांच्यापासून आपण घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. दगड वाचणारा माणूस समाजात असतानाच दगड वाचून घ्यावेत, हा पहिला. मोडीतील वह्या वाचू शकणारी मंडळी बडोद्यात आता बोटांवर मोजण्याइतकी असतील. देवळांच्या जमाखर्चाच्या वह्या, उत्सवांची पत्रके, नाट्यप्रयोगांच्या जाहिराती, लग्नपत्रिका, शाळांची रजिस्टरे हीच आपली साधने. ती रद्दीत जात आहेत. दुसरा धडा सेथ यांच्या उणिवेतून घ्यावयाचा. कोणी बांधले याच्याबरोबरच कोण येत होते हेही लिहावे. आणि त्यात मारिनास व रेझाबीबी यांना केवळ सालाचा पुरावा म्हणून उभे करू नये.

या दृष्टीने मी एक लहानसा आरंभ केला आहे. शाळेतील आठवीच्या मुलांना या सुट्टीत एक वही दिली : आपल्या गल्लीतील सर्वांत वृद्ध मराठी बाईंना भेटावे, त्या बडोद्यात कोठून, केव्हा, कोणाबरोबर आल्या, देवळात कोणती गाणी म्हणत, ती कोणी शिकविली, हे लिहून आणावे. पहिली वही आली ती एका गुजराती मुलीची. तिने शेजारच्या आजींना भेटून, गुजराती लिपीत, त्यांचे मराठी बोलणे जसेच्या तसे उतरवून आणले होते. सर्वांत वर तिने आजींचे लग्नानंतरचे नाव लिहिले होते. ते खोडून शेजारी माहेरचे नाव लिहिले होते. असे का केले, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, आजींनीच सांगितले. या नावाने त्यांना साठ वर्षांत कोणी हाक मारली नाही, म्हणाल्या. ते लिही."